ब्लॉक, बिऱ्हाड आणि भाव : आपल्या सोसायटीची पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीच्या मुलांनी (मुलं म्हणजे पंचेचाळिशीची!) मला सांगितलं, "काकू, तुम्ही सोसायटीचा इतिहास लिहा. पाच वर्षं सेक्रेटरी होतात, शिवाय बँकेत कर्जखात्यात नोकरी. आकडे तुम्हालाच माहीत." मी हो म्हटलं, पण एका अटीवर. फक्त पूजा, सहली आणि स्नेहसंमेलनांची यादी मी देणार नाही. ते सगळं फोटोंच्या पानांवर येतंच आहे. मला लिहायचं होतं ते घरांबद्दल. आपण चाळीस कुटुंबं इथेच का आलो, काय भावानं आलो, कोण राहिलं, कोण गेलं, आणि आता कोण येतंय.

त्यासाठी ऑफिसमधलं कपाट उघडलं. नोंदणीच्या वेळचे सभासदत्वाचे चाळीस अर्ज अजून शाबूत आहेत. दोन-चारांना वाळवी लागली आहे, पण वाचता येतात. अर्जात 'सध्याचा पत्ता' असा रकाना आहे. तो रकाना म्हणजेच आपला खरा इतिहास. चाळीसपैकी तेरा पत्ते गिरगाव, ठाकुरद्वार, दादर, परळ, लालबाग या भागांतले. पंधरा पत्ते डोंबिवलीतलेच, बहुतेक भाड्याच्या चाळींतले. पाच जण कोकणातून किंवा देशावरून थेट आलेले, चार ठाणे-मुलुंडचे, आणि उरलेले तीन सरकारी क्वार्टर्समधून निवृत्तीच्या तोंडावर बाहेर पडलेले. मुंबई आणि तिच्या उपनगरांचा शंभर वर्षांचा प्रवास या चाळीस कागदांत मावला आहे.

तो प्रवास समजायचा तर थोडं मागे जावं लागेल. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्याच वर्षी रुळ कल्याणपर्यंत गेले. डोंबिवलीला स्टेशन मिळालं ते 1887 साली. त्या वेळी इथे पाथर्ली, आयरे, ठाकुर्ली अशी गावं, भातशेती आणि खाडी. गावाचा कारभार बरीच वर्षं शेतावर आणि मिठागरांच्या वाऱ्यावर चालला. श्रीगणेश मंदिर 1924 मधलं. त्याच्या आजूबाजूला पांढरपेशांची जी पहिली घरं उठली ती बैठी, कौलारू, मागे विहीर आणि आवारात आंबा-फणस. मुंबईच्या ऑफिसात नोकरी आणि राहायला मोकळी हवा, असा हिशोब करून आलेली ही माणसं. नंतर पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखकही इथलेच रहिवासी झाले आणि डोंबिवलीच्या नावाला सुशिक्षित मध्यमवर्गाचा शिक्का बसला तो कायमचा. तो शिक्का थोडा अतिशयोक्त आहे असं माझं मत आहे. या गावात एमआयडीसीतले कामगार, भाजीवाले, रेल्वेचे गँगमन हेही तितकेच जुने. पण घर विकणाऱ्यांनी त्या शिक्क्याचा उपयोग पुरेपूर करून घेतला हे खरं.

लोक मुंबईतून बाहेर का पडले, याचं एक मोठं कारण कायद्यात आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी साधारण सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते आवश्यकच होतं. पण पंचवीस-तीस रुपये भाड्यात मालक दुरुस्ती करेना, आणि नवीन भाड्याची चाळ बांधायला कोणी पुढे येईना. खोली रिकामी झालीच तर पागडीशिवाय मिळेना. म्हणजे घरात मुलगा लग्नाचा झाला की दोनच रस्ते. एक तर दहा बाय बाराच्या खोलीत पडदा लावायचा, नाही तर लोकल पकडून पुढे सरकायचं. आमच्या सी विंगमधल्या एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "आमच्या खोलीत अकरा माणसं. मी आणि माझा भाऊ गॅलरीत आळीपाळीनं झोपायचो. पाऊस आला की दोघंही उभे." त्यांच्या अर्जातला पत्ता ठाकुरद्वारचा आहे.

भाड्याची घरं बांधणं थांबलं तेव्हा मालकीची घरं बांधणं सुरू झालं, आणि एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरची जमीन घ्यायला सहकार कामी आला. 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी गृहनिर्माण संस्था काढली, ती आशियातली पहिली मानतात. रावबहादूर तालमकी हे त्यामागचं नाव. पुढे 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला, आणि 1963 चा मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा, ज्याला आपण सगळे 'मोफा' म्हणतो. जुन्या संस्था आणि आपल्यासारख्या संस्था यांत मात्र एक मोठा फरक आहे. त्या संस्थांनी आधी माणसं जमवली, मग जमीन घेतली, मग बांधलं. आपल्याकडे आधी बिल्डरनं बांधलं, आपण एकेकटे जाऊन विकत घेतलं, आणि एकमेकांची तोंडं पाहिली ती पहिल्या पाण्याच्या बोंबेच्या वेळी. सहकार नंतर आला. म्हणून तो शिकायला आपल्याला दहा-बारा वर्षं लागली.

डोंबिवलीत 'ब्लॉक' हा शब्द सत्तरच्या दशकात रूढ झाला. ब्लॉक म्हणजे स्वतंत्र संडास-बाथरूम असलेलं घर. ज्या बाईनं वीस वर्षं सार्वजनिक नळावर आणि सार्वजनिक संडासाच्या रांगेत काढली, तिच्यासाठी या एका शब्दात सगळं आलं. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं खोली विकून डोंबिवली, बदलापूर, विरारकडे आली. 1983 मध्ये कल्याण-डोंबिवलीची महापालिका झाली. शहर मात्र पालिकेच्या आधी वाढलं, रस्ते आणि गटारं मागून आली. काही अजून यायची आहेत.

आता आपली इमारत. या जागेवर आधी एक वाडी होती. बैठं घर, विहीर, चार आंबे, एक जांभूळ. विहीर बुजवली ती बी विंगच्या जिन्याखाली येते. जुनी मंडळी म्हणतात म्हणूनच तिथे पावसाळ्यात ओल येते. जांभूळ मात्र वाचलं, ते तुम्ही रोज पाहता. तळमजला अधिक चार मजले, तीन विंग, चाळीस ब्लॉक, लिफ्ट नाही. त्या काळी चार मजल्यांना लिफ्ट म्हणजे चैन वाटायची. आणि आम्ही सगळे तिशी-चाळिशीतले, जिन्याचं कोणाला काय!

मी 1998 साली बुकिंग केलं. भाव चौरस फुटाला 925 रुपये, क्षेत्रफळ 545, म्हणजे 5 लाख 4 हजार आणि वर काही. त्यावर स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, 'सोसायटी फॉर्मेशन'चे आणि मीटरचे पैसे वेगळे. काही जणांना रकमेचा एक भाग रोखीनं द्यावा लागला, त्याबद्दल कागदावर काही नाही, त्यामुळे इथेही नाही. 545 फूट हे बिल्ट-अप. आम्ही राहायला आल्यावर यजमानांनी टेप लावून मोजलं तर आतली जमीन जेमतेम 400 भरली. उरलेले फूट भिंतीत, जिन्यात आणि बिल्डरच्या बोलण्यात. आज 'रेरा'मुळे कार्पेट क्षेत्रावरच विक्री करावी लागते, तेव्हा तरुण सभासदांना हा विनोद कळणार नाही.

तो काळ मंदीचा होता हे आज कोणाला खरं वाटत नाही. 1995 च्या आसपास मुंबईत भाव आभाळाला भिडले, मग कोसळले आणि 2003 पर्यंत जवळजवळ हललेच नाहीत. आपल्या इमारतीतला पहिला ब्लॉक 2002 मध्ये विकला गेला तो 4 लाख 60 हजाराला, म्हणजे घेतल्यापेक्षा कमी भावात. बिचारे बदली होऊन नागपूरला निघाले होते. त्यांच्या बायकोनं जाताना मला विचारलं होतं, "आम्ही चूक केली का हो इथे घेऊन?" त्या वेळी उत्तर मला सुचलं नाही. आज त्याच ब्लॉकला चाळीसच्या वर मागतात.

बँकेत होते म्हणून कर्जाचं गणित इथे लिहून ठेवते, मुलांना उपयोगी पडेल. घरासाठी कर्ज काढणं ही पूर्वी मध्यमवर्गाला लाजेची गोष्ट वाटे. प्रॉव्हिडंट फंड, दागिने आणि सासऱ्यांची मदत यांवर घर व्हायचं, तेही निवृत्तीला. 1977 मध्ये एच. टी. पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली आणि पगारदाराला पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यावर घर मिळू लागलं. पण व्याज! आम्ही घेतलं तेव्हा 14 टक्के. पंधरा वर्षांच्या मुदतीला लाखामागे महिन्याला 1,332 रुपये हप्ता. तीन लाखांचे चार हजार. 2004 च्या सुमारास दर 8 टक्क्यांच्या आत-बाहेर आला, तेव्हा त्याच मुदतीला लाखामागे हप्ता 956 झाला. म्हणजे पगार तेवढाच राहिला तरी माणूस दीडपटीच्या जवळपास कर्ज घेऊ शकत होता. त्याच सुमारास गृहकर्जाच्या व्याजावरची आयकर सवलतही वाढत गेली. 1999 च्या अर्थसंकल्पात 30 हजारांची मर्यादा 75 हजार झाली, पुढच्या वर्षी 1 लाख, 2001 मध्ये दीड लाख. माझ्या टेबलासमोर पूर्वी पन्नाशीचे साहेब बसायचे, आता सत्तावीस-अठ्ठावीसची जोडपी बसू लागली. नवरा-बायको दोघांचे पगार धरून कर्ज. 2004 ते 2008 या काळात भाव दुपटीवर गेले त्यामागे हेच आहे. लोक श्रीमंत झाले नव्हते, हप्ता स्वस्त झाला होता. आणि तो स्वस्त झाला की त्याचा फायदा घेणाऱ्याच्या खिशात फार काळ राहत नाही, भावातून तो विकणाऱ्याकडे जातो. हे मी तेव्हाही सांगत असे, ऐकायचं कोणी नाही.

एक गोष्ट राहिली. 2000 साली शेअर सर्टिफिकेटं दिली तेव्हा चाळीसपैकी फक्त चार ब्लॉकवर बाईचं नाव पहिलं होतं. त्यात मी एक. ऑफिसात एका सभासदानं मला विचारलं, "वहिनी, यजमान हयात आहेत ना?" आता कोणी असं विचारत नाही. एप्रिल 2021 पासून बाईच्या नावे घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यामुळे नवीन सभासदांच्या अर्जात आता बायकांचीच नावं आधी येतात. सवलतीपोटी का होईना.

मग डोंबिवलीच का? मी चाळीसपैकी बऱ्याच जणांना हे विचारलं. उत्तरं ठरलेली. स्टेशन चालत बारा मिनिटं. फास्ट लोकल. शाळा जवळ. टिळकनगर विद्यामंदिर, स्वामी विवेकानंद, जोशी हायस्कूल यांपैकी कुठेतरी मुलाला घेतील ही खात्री. आजूबाजूला आपल्यासारखी माणसं, म्हणजे रात्री दहाला मुलगी क्लासहून एकटी येऊ शकेल. दिवाळी पहाटेला फडके रोड, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा. एक आजी म्हणाल्या, "शेगडीशेजारी मोरी नाही, एवढंच बघितलं मी. बाकी ह्यांनी."

तोटेही तेव्हापासूनचेच. पाणी सकाळी दीड तास. लोडशेडिंगच्या वर्षांत दिवे गेले की चाळीस घरं खाली पटांगणात. लोकलची गर्दी तर अशी की 2005 मध्ये तिच्या नावानं सिनेमा निघाला. सकाळी 7.50 ला चढायचं म्हणजे कसब लागायचं. कित्येक आयांनी मुलाचं बालपण रविवारीच पाहिलं. मीही त्यातलीच.

त्याच वर्षीची 26 जुलै. मी दादरच्या शाखेत अडकले, यजमान दौऱ्यावर. घरी मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. फोन बंद. मी तिसऱ्या दिवशी घरी पोचले, निम्मं अंतर रुळांतून चालत. दार उघडलं तर घरात कोणी नाही. बी विंगमधून मुलांचा हसण्याचा आवाज आला. दोघंही तिथे पानावर बसली होती, वरणभात चालला होता. दोन रात्री त्या घरात नऊ मुलं झोपली होती, सगळी अडकलेल्या आईबापांची. त्या वहिनी म्हणाल्या, "अहो, तांदूळ संपले असते तर ए विंगमधून आणले असते, त्यात काय." बँकेत मूल्यांकनाचे अहवाल मी शेकड्यानं पाहिले. स्टेशनपासून अंतर, रस्त्याची रुंदी, इमारतीचं वय, सगळ्याला रकाने असतात. याला नव्हता.

सोसायटीच्या कारभाराकडे वळते. मोफाप्रमाणे पुरेसे खरेदीदार झाले की चार महिन्यांत बिल्डरनं संस्था नोंदणीसाठी अर्ज करायचा, आणि संस्था झाल्यापासून चार महिन्यांत जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची. यालाच कन्व्हेयन्स म्हणतात. नोंदणी 2000 साली झाली, तीही आपल्या पहिल्या सेक्रेटरींनी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसून बसून. कन्व्हेयन्स मात्र होईना. आज या, उद्या या, पार्टनर गावाला गेलेत, मूळ मालकाच्या वारसांची सही राहिली आहे. नऊ वर्षं! त्या काळात आपण मेंटेनन्स भरत होतो, घरपट्टी भरत होतो, पण खालची जमीन कागदावर आपली नव्हती. तुमच्यापैकी ज्यांना वाटतं की हा नुसता कागद आहे, त्यांनी लक्षात घ्यावं की वाढीव बांधकामाचा हक्क जमिनीबरोबर जातो. उद्या पुनर्विकास करायचा तर जमीन ज्याच्या नावे तो बोलणार.

2008 मध्ये मोफात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आलं. शब्द अवघड, अर्थ सोपा. बिल्डर देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते सुनावणी घेऊन संस्थेच्या बाजूनं प्रमाणपत्र देतात आणि दस्त एकतर्फी नोंदवता येतो. मी 2009 मध्ये सेक्रेटरी झाले ती याच कामासाठी. चाळीस जणांच्या करारनाम्यांच्या प्रती, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सातबारा, आर्किटेक्टचा दाखला. भोगवटा प्रमाणपत्र आपल्याकडे होतं ही मोठीच गोष्ट, शेजारच्या अर्ध्या इमारतींकडे ते आजही नाही. तीन जणांचे करारनामे बँकेत गहाण, एकाचा हरवलेला, एका घरात तीन भावांचं वारसाचं भांडण. त्या भांडणात मी चहा पिऊन पिऊन ॲसिडिटी करून घेतली. 2013 मध्ये आदेश हातात आला, आणि त्यानंतर वर्षभरानं अधिकार अभिलेखात संस्थेचं नाव लागलं. त्या संध्याकाळी पटांगणात जिलबी वाटली होती, ज्यांना आठवत असेल त्यांनी मान डोलवावी. त्या कामासाठी प्रत्येकी 6,000 रुपये काढताना ज्यांनी वर्षभर वाद घातला त्यांनीही जिलबी खाल्ली.

दरम्यान बाजार बदलत होता. 2013 पर्यंत भाव चढले, मग अडकले. 2016 ची नोटाबंदी, 2017 मध्ये मे महिन्यात रेरा आणि जुलैत जीएसटी. रेरानं ग्राहकाचे सत्तर टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती केली. मला विचाराल तर घर घेणाऱ्यांसाठी मोफानंतरचं हे सगळ्यात मोठं पाऊल. पण कायद्याचं नाव पाहून डोळे मिटू नयेत. याच आपल्या महापालिकेच्या हद्दीत खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवलेल्या इमारती निघाल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानं अशा 65 इमारती पाडायचा आदेश दिला. त्यांत राहणारी कुटुंबं आपल्यासारखीच. कर्ज घेतलेली, हप्ते चालू असलेली. बँकेनं कर्ज दिलं, सरकारी साइटवर नोंदणी दिसली, आता आणखी काय बघायचं त्यांनी? मी त्यांच्याबद्दल वाचते तेव्हा आपल्या कपाटातल्या त्या भोगवटा प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून ठेवावीशी वाटते. काढलीही आहे, दोन.

आणि माणसं जाऊ लागली. कल्याण-शीळ रस्त्याकडे पलावासारखी संकुलं उभी राहिली. पोहण्याचा तलाव, बंद फाटक, दोन गाड्यांचं पार्किंग. आपल्या पटांगणात 1999 मध्ये सात स्कूटर आणि एक मारुती होती, आज तेवीस गाड्या आणि त्यांवरून महिन्याला एक भांडण. मुलं इंग्रजी माध्यमात गेली आणि शाळेची बस दारात येऊ लागली, मग शाळा चालत पाच मिनिटांवर असण्याचं महत्त्व कमी झालं. कोणी पुण्याला गेलं, कोणी ठाण्याला, सहा घरांतली मुलं परदेशात. माझा मुलगा पलावात राहतो. तो म्हणतो, "आई, तिकडे सगळं आहे, पण समोरच्या दारावर बेल वाजवायची तर आधी मेसेज करावा लागतो." तरी तो इकडे परत यायचं म्हणत नाही, हेही लिहिलं पाहिजे.

आजच्या जे रजिस्टरप्रमाणे आणि मी स्वतः तिन्ही विंग फिरून केलेल्या मोजणीप्रमाणे, चाळीसपैकी सतरा घरांत मूळ सभासद किंवा त्यांचे वारस राहतात. चौदा घरं विकली गेली, त्यातली काही दोनदा. नऊ भाड्यानं दिली आहेत. भाडेकरूंबद्दल आपल्या सभांमध्ये जे बोललं जातं ते मला कधीच पटलं नाही. ज्यांचे आईवडील पन्नास वर्षं भाड्याच्या खोलीत राहिले त्यांनी भाडेकरूला वर्गणीपुरतं ओळखावं हे बरं दिसत नाही.

कोविडमध्ये थोडं उलटं वारं आलं. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाली, आणि ज्या गाडीसाठी आपण इथे आलो तीच नसताना शहर कसं चालतं ते पाहिलं. घरून काम सुरू झालं तशी लोकांना एक खोली जास्त हवी झाली. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात सरकारनं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं, कर्जाचे दरही खाली होते. आपल्याकडे त्या हिवाळ्यात तीन व्यवहार झाले, गेल्या पाच वर्षांत मिळून दोन झाले होते. घेणारे कोण? एक नर्स आणि तिची आई, एक रेल्वेतला मोटरमन, एक आयटीतलं जोडपं. तिघांनीही नवीन संकुलाऐवजी जुनी इमारत घेतली, कारण त्याच पैशात कार्पेट जास्त मिळालं आणि स्टेशन जवळ. बारा मिनिटं अजून बाराच आहेत. 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली, मोठागाव-माणकोली पूल झाला, मेट्रोचे खांब दिसू लागले. जाहिरातीत हे सगळं 'लवकरच' म्हणून आधीच दहा वर्षं विकलं गेलं आहे, पण त्यातलं निम्मं खरोखर झालं हेही खरं.

आता मुख्य प्रश्न. आपल्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वर राहणारे, सत्तरीच्या पुढचे अकरा जण आहेत. त्यातले चार जण महिनोन्महिने खाली उतरत नाहीत. दूध, औषध, भाजी दोरीनं पिशवी सोडून वर जाते. ज्या कुटुंबांसाठी ही जागा चांगली होती तीच कुटुंबं आता तिच्यात अडकली आहेत. पुनर्विकासाचं बोलणं तीन वर्षं चाललं आहे. 2019 च्या शासकीय निर्देशांप्रमाणे 51 टक्के सभासदांची संमती पुरते, ती आपल्याकडे आहे. पण आपला रस्ता अरुंद, आणि रस्ता जितका रुंद तितकं जास्त बांधकाम मिळतं. आलेल्या दोन बिल्डरांनी नकाशा पाहिला, चहा घेतला आणि शेजारच्या सोसायटीला बरोबर घेता का म्हणून विचारलं. शेजारच्यांकडे कन्व्हेयन्स नाही. म्हणजे आणखी किती वर्षं, कोण सांगणार.

दुसरा प्रस्ताव बाहेरच्या बाजूनं तीन लिफ्ट बसवायचा. खर्च मोठा, आणि तळमजल्यावरचे व पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, आम्ही का भरायचं. शिवाय पुढे इमारत पाडायचीच असेल तर पैसे पाण्यात. दोन्ही मुद्दे खोटे नाहीत. माझं मत मी सभेत मांडलं आहे, इथेही मांडते. पुनर्विकास जेव्हा होईल तेव्हा होवो. चौथ्या मजल्यावरच्या आजींचं वय एक्याऐंशी आहे, त्यांच्याकडे तेवढा वेळ नाही. निधी कमी पडला तर सिंकिंग फंडाला कायद्यानं जिथवर हात लावता येतो तिथवर लावावा, उरलेलं मजल्यानुसार कमी-जास्त वाटून घ्यावं. कन्व्हेयन्सच्या सहा हजारांवरूनही आपण वर्षभर भांडलो होतो आणि मग दिले होते. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा सातवा विषय आहे. कोरमअभावी अर्ध्या तासानं पुन्हा भरलेल्या सभेत नको, पहिल्याच वेळी या.

हा लेख लिहून होत आला तेव्हा ए विंगमधला रिकामा ब्लॉक बघायला एक जोडपं आलं. मुलगी पाच महिन्यांची गरोदर. ब्रोकरनं त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, पाणी किती वाजता येतं, स्टेशनला चालत किती वेळ, शाळा कुठली, शेजारी कोण. जिने मोजत वर गेली, दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि म्हणाली, "लिफ्ट होणार आहे असं ऐकलं." मी म्हटलं, सभेत ठरेल. मग तिच्या नवऱ्यानं विचारलं, खाली गाडी चार्ज करायला पॉइंट आहे का. तो विषय आठव्या क्रमांकावर घ्यायला मी चेअरमनना सांगितलं आहे.